पट्टा पडेपर्यंत

(बीड येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा अधिकारानं बोलू शकतील असे त्यांचे विद्यार्थी समोर बसले आहेत. तेव्हा गौरवाचं काम त्यांच्याकडे ठेवून मी थेट विषयाला हात घालतो. निमंत्रण पत्रिकेत ‘विद्यार्थ्यांची गळती आणि सामाजिक संस्थांचे कार्य’ असा विषय छापलेला आहे. तो पुण्यात किंवा नाशकात दिला असता तर मी गरिबी, पालकांची अनास्था, इंग्रजीची भीती यांवर बोललो असतो. बीडमध्ये मला कॅलेंडरवर बोलावं लागेल.

आपल्याकडे शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि साखर कारखान्याचं वर्ष दसरा-दिवाळीच्या सुमारास. पहिलं सत्र संपायला आणि बॉयलर पेटायला एकच गाठ पडते. बालाघाटावरच्या पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर या तालुक्यांतल्या एखाद्या वाडीवर दिवाळीच्या आधी जा आणि नंतर जा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, भांडी, शेरडं आणि त्यांच्यावर बसलेली लेकरं असा संसार ऊसतोडीला निघालेला असतो. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूर-नगरला, कुणी थेट बेळगाव-बागलकोटकडे. परत यायचं ते पट्टा पडल्यावर, गाळपाचा हंगाम संपल्यावर, म्हणजे एप्रिल-मे उजाडतो. त्या वेळी इकडे वार्षिक परीक्षा उरकलेल्या असतात. म्हणजे मूल दरवर्षी पहिलं सत्र शिकतं आणि दुसरं कधीच शिकत नाही. अपूर्णांक निम्मे, व्याकरण निम्मं, इतिहास तर लढाई सुरू होईपर्यंतच. पुढच्या जूनला ते वरच्या वर्गात बसतं, कारण आठवीपर्यंत नापास करायचं नाही अशी अनेक वर्षं रीत होती. हजेरीत नाव राहतं आणि शिक्षकाच्याही लक्षात येतं की आपण रिकाम्या बाकांना शिकवतो आहोत.

नियमानुसार सलग महिनाभर शाळेत न आलेलं मूल शाळाबाह्य धरायचं. तो नियम मनापासून लावला, तर डिसेंबरात या जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांवर शाळाबाह्य मुलं जास्त आणि शाळेतली कमी निघतील. तसा तो लागत नाही, आणि तो न लागण्यात शिक्षकांची लबाडी असते असंही मी म्हणणार नाही. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि एकशिक्षकी शाळेला कुलूप लागायची वेळ येते. त्या वाडीतली लेकरं मे महिन्यात परत येतात तेव्हा त्यांच्यासाठी शाळा उघडी राहावी म्हणून गुरुजी नावं कापत नाहीत. हे गैर असेल. पण मला ते समजतं.

आता घरचा हिशोब. मूल सोबत न्यायचं की ठेवायचं हे बापाच्या शिक्षणप्रेमावर ठरत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळ्या जमवणारा मुकादम पावसाळ्यात, म्हणजे घरात दाणा नसतो तेव्हा, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम देतो. 2024 च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीचा दर 34 टक्के वाढला आणि टनाला साधारण 366 रुपये झाला. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. दोन टन धरले तरी दोघांचे मिळून सव्वासातशे-साडेसातशे रुपये, तेही पहाटे चारला उठून आणि रात्री गाडी भरून देऊन. आजारपण, पाऊस, गाडी न लागणं यांत जाणारे दिवस वजा करा आणि उचलीच्या आकड्याशी ताडून बघा. पट्टा पडतो तेव्हा बहुतेकांची उचल जेमतेम फिटते, कित्येकांची फिटतच नाही, आणि न फिटलेली बाकी पुढच्या हंगामाचं बोलावणं होते. या हिशोबात बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं नाव कुठंच नसतं. पण आई फडात असताना कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकटं लेकरू कोण सांभाळतं? पाणी कोण आणतं? मोळ्या बांधायला, वाढं गोळा करायला हात कुणाचे लागतात? दोन माणसांच्या कोयत्यात तिसरे हात असतात, आणि ते आपले पटावरचे विद्यार्थी असतात.

या दुखण्यावर इलाज दोन दिशांनी झाले. एक, मूल जिथं जातं तिथं शाळा न्यायची. दुसरा, शाळा आहे तिथं मूल ठेवायचं.

पहिला मार्ग साखरशाळांचा. त्या काळच्या औरंगाबादेतल्या ‘जनार्थ’ या संस्थेनं, प्रवीण महाजन यांच्या पुढाकारानं, 2000 नंतरच्या दशकात कारखान्यांच्या तळांवर अशा शाळा चालवल्या. कामाची निष्ठा वादातीत होती. पण तळावर राहतात ते मुख्यतः बैलगाडीवाले. बैलगाडी काही मैलांपलीकडे जात नाही, म्हणून गाडी सेंटरची वस्ती कारखान्याजवळ पडते आणि तिथं एक पत्र्याची खोली उभारून शाळा भरवता येते. ज्यांचा ऊस ट्रॅक्टर-ट्रक वाहतो त्या डोकी सेंटरच्या टोळ्या मात्र फडामागे फड करत फिरतात. आज या गावच्या शिवारात, पंधरा दिवसांनी तिसऱ्याच. त्यांच्या मागे शाळा कशी धावणार? पुढे 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि निकष आले. पत्र्याची खोली त्या निकषांत बसेना. मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घाला असं ठरलं. कागदावर हे बरोबरच आहे. ऊसतोड्याचं पोर म्हणून त्याला वेगळी, दुय्यम शाळा का? सोबत शिक्षण हमी कार्ड आलं, म्हणजे मूल जिथं जाईल तिथं ते दाखवून बसता यावं. पण डिसेंबरात, भरल्या वर्गात, आंघोळ न झालेलं, उसाच्या पात्यानं ओरबाडलेलं, बोलीनं वेगळं मूल शेवटच्या बाकावर बसवलं जातं. बागलकोटात तर फळ्यावरची लिपीच निराळी. आठवडाभरानं फड बदलला की तेही संपतं.

दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहांचा. गावातच, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली, आईबाप परत येईपर्यंत मुलांच्या जेवणाखाण्याची सोय. कल्पना चांगली आहे आणि जिथं मुख्याध्यापक आणि समिती मनावर घेतात तिथं ती चालतेही. तिचं दुखणं वेळेत आहे. मंजुरी येते तेव्हा गाड्या गेलेल्या असतात. दिवाळीला निघालेल्या बापाला ‘पुढच्या महिन्यात सोय होणार आहे’ हे सांगून उपयोग काय? तो लेकरू बरोबर नेतो. मग पट भरायला नावं लागतात, आणि कागदावरच्या मुलांच्या तक्रारी दरवर्षी का येतात ते मी वेगळं सांगायला नको. दुसरी उणीव रात्रीची. जेवण शाळेत, झोप आजीकडे. आजीला दिसत नाही, ऐकू येत नाही. मुलगा असेल तर निभतं. मुलीचं काय, त्याकडे मी येतोच.

या पार्श्वभूमीवर आपल्या जिल्ह्यातल्या दोन संस्थांकडे बघावं असं मला वाटतं. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचं ‘शांतिवन’ आणि गेवराईचं ‘बालग्राम’.

दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी या शतकाच्या अगदी सुरुवातीला आर्वीत काम सुरू केलं. बाबा आमट्यांच्या विचारांचा प्रभाव दीपक स्वतःच सांगतात. पण आनंदवनाची नक्कल त्यांनी केली नाही. त्यांच्या माळावर कुष्ठरोगी नव्हते, ऊसतोड्यांची लेकरं होती. पुढे कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं आली, अनाथ आली. गेवराईचे संतोष गर्जे आष्टी तालुक्यातल्या पाटसऱ्याचे, स्वतः ऊसतोड कुटुंबातले. बहिणीच्या मृत्यूनंतर पोरक्या झालेल्या भाचीचं दुःख त्यांनी घरात पाहिलं आणि 2004 मध्ये, हातात काहीही नसताना, सात मुलांना घेऊन पत्र्याखाली संसार मांडला. पुढे प्रीती गर्जे त्यात आल्या. लोक सांगतात त्या या दोन्ही गोष्टींमध्ये त्याग भरपूर असतो. असू दे. मला त्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते.

या दोन्ही संस्थांनी हंगामाचा हिशोब सोडून दिला. सरकार विचारतं, मूल किती महिने ठेवायचं? सहा. या संस्थांत मूल आलं की ते मोठं होईपर्यंत तिथलं असतं. पट्टा पडला, आईबाप आले, चार दिवस भेटून गेले, पुन्हा जूनला शाळा. आजारी पडलं तर दवाखान्यात नेणारं माणूस आहे, रात्री तीनला रडलं तर उठणारं माणूस आहे. आणि दहावीला निकाल लागला की ‘झालं आमचं काम’ असं म्हणून हात झटकत नाहीत; पुढचा प्रवेश, शहरातली खोली, फी, हे सगळं मागे लागूनच असतं. घरातलं थोरलं माणूस जे करतं तेच हे काम आहे, आणि वर्षाच्या कार्यक्रमात ते बसवता येत नाही. म्हणून ते योजनेत बसत नाही.

ते न बसण्याचीही एक गंमत आहे. आपल्या कायद्याला मूल अनाथ लागतं, निराधार लागतं, नाहीतर सोडून दिलेलं लागतं. बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. बाप गेला असेल तर मदत आहे. पण आईबाप दोघेही जिवंत असून वर्षातले सहा महिने तीनशे किलोमीटरवर असतील, तर त्या मुलाचा रकाना कोणता? ते अनाथ नाही आणि सनाथ म्हणावं तर रात्री त्याच्याजवळ कुणी नाही. संस्था हा रकाना स्वतःच्या खर्चानं भरतात, म्हणजे तुमच्या-माझ्या देणग्यांवर.

देणग्यांबद्दल एक बोलून घेतो, कारण इथं देणारे पुष्कळ बसले आहेत. वाढदिवसाला मुलांसोबत केक कापून फोटो काढायची जी पद्धत पडली आहे, ती कृपा करून थांबवा. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत तीनशे पासष्ट वाढदिवस लागले तर लेकरांनी अभ्यास कधी करायचा? पंगतीला पैसे लगेच मिळतात. वॉर्डनच्या पगाराला, विजेच्या बिलाला, पाण्याच्या टँकरला कुणी देत नाही. आणि संस्था तर नेमकी त्याच्यावर चालते.

टीकाही करायला हवी. लेकराला आईपासून तोडून वाढवणं हा काही आदर्श नाही, आणि हे काम करणारी माणसं स्वतःही तसं म्हणत नाहीत. शिवाय अशा संस्था दोन-चार माणसांच्या जिवावर उभ्या राहतात, त्यांच्यानंतर काय, याचं उत्तर फारशा कुणाकडे नसतं. आणि हिशोबच करायचा तर या जिल्ह्यातून काही लाख माणसं तोडीला जातात. दोन संस्थांत किती मुलं मावणार? शेकड्यात. तेव्हा शांतिवन हा उपाय म्हणून दाखवू नका, तो नमुना म्हणून बघा. नमुन्यातून कळतं ते एवढंच की मूल शाळेत टिकतं ते मोठ्या माणसाच्या रोजच्या हजेरीवर, आणि ती हजेरी चौदाव्या वर्षानंतर सर्वांत जास्त लागते.

चौदावं वर्ष का, तर आपण सगळं तिथंच सोडतो. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. हंगामी वसतिगृहही आठवीपर्यंतच धरून आखलेलं. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली, ती चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायला बंदी करते; चौदा ते अठरा वयोगटाला धोक्याची कामं तेवढी वर्ज्य. उसाचा फड त्यात येत नाही. थोडक्यात, नववीचा उंबरठा ओलांडताना मुलाच्या हातातलं ताट, पुस्तक आणि कायद्याचं संरक्षण एकदमच निघून जातं, आणि समोर कोयता कायदेशीर होऊन उभा राहतो. त्यातून नववी-दहावीची शाळा वाडीत नसते. ती पाच-सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात असते. आठ वर्षं निम्मं-निम्मं शिकलेल्या पोराला नववीचं गणित समोर आलं की ते शाळा सोडायची वाटच बघत असतं. आपण त्याला आळशी म्हणतो.

मुलींचं तर बोलायलाच नको अशी स्थिती, म्हणून बोलायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं त्यांचं प्रमाण राज्यात 21.9 टक्के होतं. बीडमध्ये 43.7 टक्के, राज्याच्या दुप्पट. याला परंपरा म्हणून सोडून देता येत नाही, याच्या मागे मुकादमाची वही आहे. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात आणि त्याला उचलही त्याच मानानं मिळते. पोराचं लग्न झालं की कोयता पूर्ण होतो. मुलीच्या आईची बाजू बघा. चौदा-पंधराची मुलगी आजीजवळ गावात ठेवून सहा महिने जायचं तर रात्री तिला झोप लागेल का? बरोबर न्यावं तर फडावर आडोसा नाही, दार नाही. मग ती ‘हात पिवळे करून मोकळं होऊ’ म्हणते. अशोक तांगडे यांच्यासारखे कार्यकर्ते आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं बालविवाह अडवतात. मांडवातून लग्न परत फिरवणं मोठ्या हिमतीचं काम आहे. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी कुठं ठेवायची हा प्रश्न उरतोच, आणि जिथं चांगलं मुलींचं वसतिगृह आहे तिथं तो सोपा होतो. यांतल्याच कित्येक जणी पुढे कमी वयातच गर्भपिशवी काढून घेतात. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मला कुणी विचारलं की वसतिगृहाचा आणि आरोग्याचा संबंध काय, तर तो असा आहे.

आता पैशाचं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली: 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, प्रत्येकात शंभर जण, पाचवीपासून पुढे. पहिल्या टप्प्यात आपल्या सहा तालुक्यांची नावं होती. भगवानबाबांचं नाव इथं शोभतं. सावरगाव घाटच्या या माणसानं कीर्तनाइतकाच आग्रह शाळेचा आणि वसतिगृहाचा धरला होता. पण आकडे मांडून बघा. 82 गुणिले 100 म्हणजे 8,200 मुलं, साऱ्या राज्यात. एवढी मुलं तर एकट्या बीड जिल्ह्यातून निघतील. दुसरीकडे, राज्यात हंगामात साधारण दहा कोटी टन ऊस गाळला जातो. दहा रुपये टनानं ते शंभर कोटी होतात, सरकारचे तेवढेच धरले तर दोनशे कोटी, दरवर्षी. देणग्या गोळा करत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा हिशोब पाठ करून ठेवावा. पैसा साखरेत आहे आणि तो कायदेशीररीत्या या लेकरांचा आहे. भाड्याच्या इमारतीत, तालुक्याच्या गावी, वर्षभर चालणारी आणि बारावीपर्यंत ठेवणारी वसतिगृहं, आधी मुलींची आणि मग मुलांची, एवढं मागणं मला पुरेसं वाटतं. चालवायला ती द्या शांतिवनसारख्यांना, किंवा चालवणाऱ्यांना पाठवा चार महिने आर्वीला राहायला. आणि मंजुरी श्रावणात द्या. त्या वेळी उचल वाटली जाते. मुकादम घरी येतो त्याच आठवड्यात वसतिगृहाचा माणूसही घरी गेला पाहिजे, म्हणजे बापासमोर दोन पर्याय एकाच वेळी असतील.

घाई का करतो आहे तेही सांगतो. 2023 मध्ये राज्यात 900 ऊसतोडणी यंत्रांना अनुदान द्यायचा निर्णय झाला, किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यातलं जे कमी असेल ते. एक यंत्र कित्येक टोळ्यांचं काम दिवसात उरकतं. मजूर मिळत नाहीत म्हणून कारखान्यांना यंत्र हवं आहे, आणि यंत्र आलं की मजूर लागणार नाहीत. कोयता मोडावा असं आपण सगळेच म्हणत आलो. तो मोडेल, पण आपण म्हणतो म्हणून नाही, आणि आपल्या सोयीच्या वेळीही नाही. आज सातवीत बसलेली मुलं अठराची होतील तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या सपाट शेतांतून यंत्रं फिरत असतील. उरतील ते चढउताराचे, ओल्या वाफ्यांचे, कमी टनाचे फड. बापाच्या हातात निदान उचल तरी पडत होती. दहावी न झालेल्या या मुलाला उद्या मुकादमही विचारणार नाही. त्याच्या दहावीला अजून तीन वर्षं आहेत.

माझ्या घड्याळात सव्वासात झाले आहेत. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांना अर्धा तास राखून ठेवायला सांगितलं होतं. मागे गेवराईहून आलेले शिक्षक बसले आहेत, पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.